यंत्र एक, प्रणाली दोन

संगणक वेगळा आणि विंडोज वेगळी. या वाक्याला कुणी हरकत घेणार नाही, पण रोजच्या वागण्यात आपण ते मानत नाही. विंडोज अडकली की आपण 'कॉम्प्युटर बंद पडला' म्हणतो. दुकानात फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकून मिळाली की यंत्रच नवं झाल्यासारखं वाटतं. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची नियमित देखभाल थांबवली, तेव्हा कितीतरी धडधाकट लॅपटॉप त्यांच्या मालकांच्या मनात त्याच दिवशी बाद झाले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. ज्या यंत्रांत हे नव्हतं, त्यांचा पडदा, कळफलक, डिस्क यांतलं काहीच त्या तारखेला बिघडलं नाही. मुदत एका प्रणालीची संपली होती, यंत्राची नव्हे.

हा भेद ऐकून पटतो, पण मुरत नाही. एकाच यंत्रावर विंडोजच्या शेजारी लिनक्स ही दुसरी प्रणाली बसवून पाहिली, दोन्ही आलटून पालटून चालवल्या, की तो मुरतो. याला 'ड्युअल बूट' म्हणतात. कृती म्हणून ते एका संध्याकाळचं काम आहे. त्यातून उलगडणारी गोष्ट मात्र सावकाश समजून घेण्यासारखी आहे.

उरण तालुक्यात एकाच यंत्रावर दोन प्रणालींची गरज आपसूक निर्माण होते. न्हावा-शेव्याचं बंदर १९८९मध्ये सुरू झालं आणि त्याच्यामागोमाग खोपट्यापासून भेंडखळपर्यंत कंटेनरची यार्डं उभी राहिली. क्लिअरिंग एजंटांची कार्यालयं आली, कस्टमची कागदपत्रं संगणकावर गेली. या कामात डिजिटल सहीचा टोकन लागतो, टॅली लागतं, एक्सेलच्या भल्यामोठ्या फायली लागतात. टोकनाचं सॉफ्टवेअर आणि टॅली हे सारं विंडोजवर बेतलेलं असतं. त्यामुळे अशा कार्यालयात काम करणाऱ्या माणसाच्या घरचा लॅपटॉप विंडोजचाच असतो. त्याच घरातली मुलगी संगणकशास्त्र शिकायला लागते आणि पहिल्याच सत्रात तिला लिनक्स लागतं. बापाच्या कामाला विंडोज हवी, मुलीच्या अभ्यासाला लिनक्स हवं आणि लॅपटॉप एकच आहे. दुसरा घेण्याइतके पैसे प्रत्येक घरात नसतात. इथे दोन प्रणाली शेजारी शेजारी नांदवण्याला खरा अर्थ येतो.

आता यंत्र सुरू होताना काय घडतं ते पाहू. बटण दाबल्याबरोबर विंडोज येत नाही. आधी मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेला छोटा प्रोग्राम जागा होतो. पूर्वी त्याला बायोस म्हणत, आज बहुतेक यंत्रांत यूईएफआय असतो. तो स्मृती तपासतो, कळफलक आणि डिस्क जागेवर आहेत का ते पाहतो, मग आपल्याजवळची एक यादी काढतो. कोणती प्रणाली सुरू करायची आणि तिची सुरुवातीची फाइल कुठे आहे, एवढंच त्या यादीत असतं. ती फाइल डिस्कवरच्या एका छोट्या राखीव विभागात, बहुधा काहीशे मेगाबाइटच्या जागेत, ठेवलेली असते. तिथे मायक्रोसॉफ्टचं एक फोल्डर असतं. लिनक्स बसवलं की त्याच्या बाजूला आणखी एक फोल्डर येतं. आधीच्या फोल्डरला धक्का लागत नाही, यादीत फक्त एका नावाची भर पडते. मग ग्रब नावाचा छोटा प्रोग्राम पडद्यावर दोन्ही नावं दाखवतो आणि काही सेकंद थांबतो.

ते सेकंद महत्त्वाचे आहेत. त्या वेळी यंत्र चालू असतं, वीज खेळत असते, प्रोसेसर काम करत असतो, तरीही विंडोज चालू नसते आणि लिनक्सही चालू नसतं. यंत्र अजून कुणाचंच झालेलं नसतं. एरवी विंडोजचं चिन्ह इतक्या लगेच झळकतं की हा क्षण आपल्याला दिसतच नाही. दुहेरी मांडणीत तो डोळ्यांसमोर येतो आणि कोणती प्रणाली चालवायची याचा निर्णय आपल्याला विचारला जातो.

ही दुहेरी मांडणी काही मागाहून शोधलेली पळवाट नाही. आयबीएमने १९८३मध्ये हार्ड डिस्क असलेला एक्सटी हा संगणक आणला आणि त्याच्याबरोबर डॉसची दुसरी आवृत्ती दिली, तेव्हाच डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत तिच्या विभागांचं एक कोष्टक ठेवलं होतं. त्यात चार नोंदींची जागा होती, कारण एका डिस्कवर एकाहून अधिक प्रणाली राहू शकतील हे तेव्हाच गृहीत धरलेलं होतं. आजच्या जीपीटी पद्धतीच्या कोष्टकात सर्वसाधारणपणे १२८ नोंदी मावतात, आणि त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटच्या टोकाला जपून ठेवलेली असते.

हे कोष्टक म्हणजे डिस्कचा सातबारा. उरणच्या माणसाला हे जास्त फोडून सांगावं लागत नाही. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी उभे राहिले, १६ आणि १७ जानेवारी १९८४ला जासईच्या परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या लढ्यातून आला. जमीन आणि तिची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नोंदीत एक ओळ बदलली की पायाखालची माती तीच असूनही माणसाचं सगळं बदलतं, हे या तालुक्याने पिढ्यान्‌पिढ्या भोगून शिकलेलं आहे. डिस्कवरही हेच घडतं. कोष्टकातली नोंद पुसली तर डिस्कवरची अक्षरं लगेच नाहीशी होत नाहीत. फोटो, पत्रं, हिशेब सगळं जिथल्या तिथे असतं, पण ते कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं हे सांगणारं कुणी उरत नाही. म्हणून चुकून पुसलेला विभाग कधी कधी परत मिळवता येतो, आणि म्हणूनच त्यावर नवं काही लिहून ठेवलं की तो कायमचा जातो.

दुसरी प्रणाली बसवण्याचं खरं काम या कोष्टकात होतं. पाचशे जीबीच्या डिस्कवर 'सी' नावाचा एकच मोठा विभाग असेल, तर आधी त्याची हद्द आत घ्यावी लागते. हे विंडोजकडूनच, तिच्या डिस्क मॅनेजमेंटमधून करून घेणं चांगलं. कोणत्या फायली कुठे आहेत आणि त्यांतल्या कोणत्या हलवता येत नाहीत, हे विंडोजला ठाऊक असतं. कधी निम्मी डिस्क मोकळी दिसत असूनही ती थोडीच जागा सोडायला तयार होते. त्यामागेही हेच कारण असतं, एखादी न हलणारी फाइल मध्येच बसलेली असते. जागा सुटली की ती कुणाच्याच नावावर नसते. लिनक्स तिथेच बसवायचं. शिकण्यासाठी पन्नास जीबी पुरतात, शंभर दिले तर हात मोकळा राहतो. बसवताना प्रश्न येतो : विंडोजच्या शेजारी बसवायचं, की सगळी डिस्क पुसून बसवायचं? घाईत दुसऱ्या पर्यायावर बोट पडलं तर कोष्टकच नव्याने लिहिलं जातं. या कामात लोकांचं सर्वांत मोठं नुकसान होतं ते याच पडद्यावर. म्हणून कोष्टक बदलण्याआधी ते वाचावं. कोणता विभाग किती जीबीचा आहे, कशासाठी आहे, हे कागदावर उतरवून घ्यावं. घरच्या फोटोंची आणि कार्यालयाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून घ्यावी आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडते का तेही पाहावं. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे. हद्द सरकत असताना वीज जाणं हा मोठा धोका असतो, तेव्हा लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी. टेबलावरचा संगणक असेल तर यूपीएसशिवाय हे काम सुरूच करू नये, पावसाळ्यात तर नाहीच.

तयारीचे आणखी दोन भाग आहेत आणि त्यांतूनही मूळ भेदच स्पष्ट होतो. पहिला भाग बिटलॉकरचा. नव्या विंडोजमध्ये डिस्क अनेकदा मालकाच्या नकळत कुलूपबंद झालेली असते. विंडोजला सुरुवातीची व्यवस्था बदललेली दिसली की ती ४८ आकडी किल्ली मागते. ती किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते, पण खातं कोणत्या ईमेलवर उघडलं होतं हे घरात कुणालाच आठवत नाही. ती आधी शोधून लिहून ठेवावी. दुसरा भाग फास्ट स्टार्टअपचा. आपण 'शट डाउन' केलं तरी ही सोय चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपल्या गाभ्याची त्या वेळची स्थिती ती डिस्कवर लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तिथूनच उठते. मधल्या काळात लिनक्सने विंडोजच्या विभागात काही लिहिलं, तर विंडोजच्या आठवणीतली डिस्क आणि खरी डिस्क यांचा मेळ बसत नाही. म्हणून असा विभाग दिसला की लिनक्स तो बहुधा फक्त वाचण्यापुरता उघडतं किंवा उघडायलाच नकार देतं. ते वागणं बरोबरच आहे. आपण फास्ट स्टार्टअप बंद करून टाकावं, म्हणजे एकाने जागा पूर्ण सोडल्याशिवाय दुसरा तिथे येणार नाही.

हद्दी नीट आखल्या की डिस्कचा प्रश्न मिटतो. तरी काही गोष्टींना हद्द घालता येत नाही, त्या दोघांना मिळूनच वापराव्या लागतात. यंत्रातलं घड्याळ हे त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण. मदरबोर्डवर छोट्या बॅटरीवर चालणारं घड्याळ असतं आणि ते यंत्र बंद असतानाही चालू राहतं. त्यातली वेळ स्थानिक आहे असं विंडोज धरून चालते. लिनक्स मात्र ती जागतिक प्रमाणवेळ आहे असं मानतं आणि भारतासाठी साडेपाच तास मिळवून दाखवतं. घड्याळ एकच, त्यातला आकडाही एकच, पण दोघे त्याचा अर्थ वेगवेगळा लावतात. रात्री मुलीने लिनक्सवर अभ्यास केला, लिनक्सने घड्याळात आपल्या रीतीने वेळ लिहिली, आणि सकाळी साडेनऊला बापाने विंडोज उघडली, तर पडद्यावर पहाटेचे चार दिसतात. इंटरनेटवरून वेळ दुरुस्त होईपर्यंत संगणकाच्या घड्याळावरून लागणारी वेळ चुकत राहते, मग तो ईमेलवरचा शिक्का असो की कागदावरच्या सहीची वेळ. यात बिघाड कुठेच नाही. दोन्ही प्रणाली आपापल्या नियमाने अचूकच वागत असतात. उपाय सोपा आहे, दोघांपैकी एकाला दुसऱ्याचा नियम मानायला सांगायचं. लिनक्समध्ये त्यासाठी एक आज्ञा पुरते, विंडोजमध्ये रजिस्ट्रीत एक नोंद करावी लागते. ज्याच्या नीट चालण्यावर घराचं पोट आहे, त्याला शक्यतो हात लावू नये या न्यायाने मी लिनक्सचा नियम बदलतो.

ब्लूटूथचंही असंच आहे. वायरलेस माउस विंडोजशी जोडला की दोघांमध्ये एक गुप्त किल्ली ठरते. लिनक्समधून तोच माउस जोडला की नवी किल्ली ठरते आणि विंडोजकडची जुनी निकामी होते, कारण माउसच्या लेखी दोन्ही वेळा संगणक एकच असतो. आत दोन प्रणाली आहेत हे त्याला कळायला मार्ग नाही. फायलींच्या बाबतीतही बाजू सारख्या नाहीत. विंडोजचे एनटीएफएस विभाग लिनक्सला वाचता-लिहिता येतात, लिनक्सचे ईएक्सटी४ विभाग विंडोजला आपणहून वाचता येत नाहीत. म्हणून दोन्हीकडे लागणारी कागदपत्रं विंडोजला समजेल अशा तिसऱ्या, सामायिक विभागात ठेवणं सोयीचं पडतं.

शेजार नेहमीच शांततेत चालतो असंही नाही. जुन्या पद्धतीत सुरुवातीच्या प्रोग्रामला डिस्कवर एकच जागा होती, ती पहिल्या ५१२ बाइटांची. पुन्हा विंडोज टाकली की ती तिथे आपलं लिहून मोकळी व्हायची आणि लिनक्स नाहीसं झाल्यासारखं वाटायचं. खरं तर ते आपल्या विभागात शाबूत असे, फक्त तिथपर्यंत नेणारी नोंद गेलेली असे. यूईएफआय आल्यावर प्रत्येकाला आपापलं फोल्डर मिळालं आणि हा तंटा बराच कमी झाला, पण पुरता संपला नाही. ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या मासिक अपडेटने ग्रबच्या असुरक्षित जुन्या आवृत्त्या रोखण्याची नोंद यंत्रांत केली. दुहेरी मांडणीची यंत्रं त्यातून वगळायची असं ठरलेलं होतं, तरी अनेक यंत्रं ओळखली गेली नाहीत आणि तिथे लिनक्स सुरू व्हायचं थांबलं. तेव्हाही लोकांच्या फायली जागेवरच होत्या. ज्यांना हे माहीत होतं त्यांनी यूईएफआयमध्ये जाऊन सिक्युअर बूट ही सुरुवातीची तपासणी तात्पुरती बंद केली, लिनक्स उघडलं आणि दुरुस्ती करून घेतली. ज्यांना माहीत नव्हतं त्यांतल्या कुणी घाबरून सगळी डिस्क पुसली असेल, तर ती पुसण्याची काही गरज नव्हती.

लिनक्सचा जन्मही असाच दुसऱ्या प्रणालीच्या शेजारी झाला आहे. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरव्हॉल्ड्सने १९९१च्या सुरुवातीला ३८६ संगणक घेतला आणि त्यावर अँड्र्यू टॅनेनबॉमची मिनिक्स ही शिकवण्यासाठी लिहिलेली प्रणाली बसवली. त्याने लिनक्स लिहिलं ते मिनिक्सच्या आधाराने, त्याच यंत्रावर. पुढे एकदा मोडेमला पाठवायच्या आज्ञा त्याच्याकडून चुकून हार्ड डिस्ककडे गेल्या आणि मिनिक्सचा विभाग खराब झाला. मिनिक्स पुन्हा बसवायची नाही, आता लिनक्सवरच राहायचं, असं त्याने तेव्हा ठरवलं. अपघात झाला तरी निभावलं, कारण शेजारच्या विभागात वाढणारं तोवर स्वतःच्या पायावर उभं राहिलं होतं. नवं काही शिकताना किंवा घडवताना जुनं लगेच मोडायची गरज नसते. जुन्याच्या आधाराने नवं वाढवावं, आणि ते भार पेलेल तेव्हा जुनं ठेवायचं की नाही हे ठरवावं.

मराठी लिहिणाऱ्यालाही हे लागू पडतं. उबंटू किंवा मिंट यांपैकी लिनक्सचा एखादा प्रकार बसवला की इनस्क्रिप्टचा मराठी कळफलक आणि देवनागरीचे युनिकोड टंक फारशी खटपट न करता मिळतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठी निवेदनासह ऐकायला मिळतात, त्यामुळे इंग्रजीची भीती हे कारण उरत नाही. पण छापखान्यातली जुनी कामं श्री-लिपी किंवा आयएसएम अशा सॉफ्टवेअरमध्ये अडकलेली असतात, आणि टंकलेखनाच्या परीक्षेची तयारी विंडोजवरच्या सॉफ्टवेअरवर करावी लागते. अशा माणसाला विंडोज सोडून दे असं सांगणं म्हणजे त्याच्या गरजेकडे पाठ फिरवणं आहे. त्याचं आजचं काम आहे तिथेच चालू राहू द्यावं आणि शिकायला शेजारी जागा करून द्यावी. लिनक्सचा प्रसार करणाऱ्यांनी एवढा धीर धरला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

काही वेळा ड्युअल बूट करूच नये. घरात एकच संगणक आहे आणि त्यावर पुढच्याच आठवड्यात परीक्षा, विवरणपत्र किंवा शिपिंग बिल आहे, तर थांबावं. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहता येतं, त्यात डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही. वायफाय चालतं का, प्रिंटर ओळखला जातो का, मराठी नीट उमटतं का, हे तिथेच कळतं. टेबलावरच्या संगणकात जागा असेल तर लिनक्ससाठी वेगळी छोटी एसएसडी लावणं सर्वांत निर्धोक, कारण दोन्ही कोष्टकं वेगळी राहतात. आणि दुसरी प्रणाली नकोशी झाली तर काढण्याचाही क्रम ठरलेला आहे. आधी यूईएफआयच्या यादीत विंडोज पहिली करायची, ती नीट उघडते याची खात्री करायची, मग लिनक्सचा विभाग काढून ती जागा विंडोजला परत द्यायची. विभाग काढेपर्यंत कोष्टक वाचता येणाऱ्याला प्रत्येक पायरीवरून मागे फिरता येतं.

त्या वाचता येण्यातच सगळं आहे. दुहेरी मांडणीचा लाभ दोन प्रणाली मिळण्यापुरता नाही. कोणता भाग यंत्राचा, कोणता प्रणालीचा आणि कोणता निव्वळ नोंदीचा, हे एकदा दिसलं की बिघाड झाल्यावर तिघांपैकी नेमकं काय बिघडलं हे विचारता येतं. हा प्रश्न विचारता आला की मुदत संपलेल्या प्रणालीपायी चांगलं यंत्र भंगारात जात नाही आणि हरवलेल्या नोंदीपायी घरचे फोटो पुसले जात नाहीत. त्यासाठी प्रत्येकाने लिनक्स वापरलंच पाहिजे असं नाही. लॅपटॉप दुकानात देताना 'फॉरमॅट मारून द्या' म्हणण्याआधी 'आत कोणते विभाग आहेत ते मला दाखवा' एवढं म्हणावं, आणि दुकानदार दाखवील तेव्हा शेजारी उभं राहून ते वाचावं.